वॉकर, फुलर, टकर: एकाच कामाची तीन आडनावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी गेली काही वर्षं इंग्लंडात लँकेशायरमध्ये राहते आणि इथल्या आडनावांचा मला नादच लागलाय. एकदा बोलता बोलता सांगितलं की वॉकर, फुलर आणि टकर ही तिन्ही आडनावं म्हणजे एकच धंदा, तर कोणाला पटेचना. मग घरचे, मित्रमंडळी, इथले मराठी शेजारी जे जे विचारत गेले ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवतेय, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सांगायला नको.

वॉकर म्हणजे चालणारा ना? त्यात विचारायचं काय?

चालणाराच, पण रस्त्याने नाही, कापडावर. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड एका हौदात टाकायचं, त्यात पाणी आणि आणखी काय काय (ते पुढे सांगते) ओतायचं, आणि कपडे गुडघ्याच्या वर खोचून अनवाणी त्यावर तासन्‌तास तुडवत राहायचं. हे ज्याचं काम तो उत्तर इंग्लंडात वॉकर. जुन्या इंग्रजीत वेल्कन असं क्रियापद होतं, अर्थ लोळवणं, घुसळणं, इकडून तिकडे ढकलणं. आजचं 'वॉक' त्यातूनच आलंय, म्हणजे चालणं हा अर्थ नंतरचा आणि घुसळणं हा आधीचा.

काही जण सांगतात की राजाच्या जंगलात गस्त घालणाऱ्या रखवालदारालाही वॉकर म्हणायचे. असतीलही दोनचार घराणी तशी, पण ज्या भागात लोकरीचं कापड व्हायचं तिथेच वॉकर दाटीने सापडतात, त्यामुळे मला कापडाबद्दल काही शंका राहिलेली नाही. आणखी एक गोंधळ म्हणजे न्यूकॅसल शहरात वॉकर नावाचा भागच आहे, पण त्या नावाचा अर्थ रोमन भिंतीजवळची दलदल असा आहे, त्याचा चालण्याशीही संबंध नाही आणि कापडाशीही नाही.

पण तुडवायचं कशाला? विणलं की कापड तयारच झालं की.

सुती कापडाचं आपलं तसं असतं म्हणून आपल्याला हा प्रश्न पडतो. लोकरीचं वेगळं आहे. सूत कातताना लोकरीला तेल किंवा लोणी लावायचे, मेंढीच्या अंगचा तेलकटपणा असतो तो वेगळाच, त्यामुळे मागावरून उतरलेलं कापड चिकट, वास मारणारं आणि चाळणीसारखं विरळ असायचं. वारा आरपार. असलं कापड अंगावर घालून इंग्लंडातला हिवाळा कोण काढणार?

लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, कौलं एकावर एक बसवतात ना तसे. ओल, ऊब आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की तंतू सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मग काही केल्या सुटत नाहीत. कापड आटतं, घट्ट होतं, जाड होतं. किती आटतं? चांगल्या ब्रॉडक्लॉथची (म्हणजे रुंद विणलेल्या लोकरी कापडाची) रुंदी जवळपास निम्मी व्हायची, म्हणून मुळात विणतानाच ते इतकं रुंद विणायचे की एका मागावर दोन कोष्टी शेजारी शेजारी बसत आणि धोटा एकमेकांकडे फेकत.

हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. आईने स्वतः विणून पाठवलेला स्वेटर माझ्याकडून चुकून साठ डिग्रीवर मशिनमध्ये गेला. बाहेर काढला तेव्हा तो चार वर्षांच्या मुलाला होईल एवढाच उरला होता, टाके दिसतच नव्हते, बोटाने दाबलं तर घोंगडीसारखा टणक. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं, तो स्वेटर मी टाकलेला नाहीये. पण वॉकर लोक दिवसभर जे मुद्दाम करायचे तेच त्या मशिनने तासाभरात केलं होतं, आणि ते कसं होतं ते तेव्हा मला हाताला कळलं.

हौदात पाण्याबरोबर काय असायचं?

शिळं मूत. हो, माणसांचंच. ताजं नाही चालायचं, साठवून कुजवलेलं लागायचं, कारण त्यातून अमोनिया तयार होतो आणि अमोनिया तेलकटपणा कापतो. साबण महाग, मूत फुकट. कापडाच्या गावांत घरोघरी भांड्यात साठवून ठेवायचे आणि गोळा करणारा माणूस येऊन घेऊन जायचा, ही सोय मध्ययुगापासून पार १९ व्या शतकापर्यंत चालू होती. यॉर्कशायरमध्ये, लँकेशायरमध्ये त्याला लँट म्हणायचे.

हे काही इंग्रजांनी शोधलेलं नाही. रोमन लोक हेच करायचे, पाँपेईमध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या धुलाईखान्यातले तुडवायचे हौद आजही बघायला मिळतात. सम्राट व्हेस्पेजियनने सार्वजनिक मुताऱ्यांवर कर बसवला होता, मुलगा टायटस कुरकुरला तेव्हा त्याने नाणं त्याच्या नाकापुढे धरून विचारलं की याला वास येतो का, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे माती. आणि इथे आपल्या घरातली वस्तू येते, कारण इंग्रजीत जिला फुलर्स अर्थ म्हणतात तीच आपली मुलतानी माती! आपण तोंडाला लावतो कारण ती तेल शोषून घेते, आणि फुलर लोक कापडावर टाकायचे त्याचंही कारण तेच. सरे परगण्यात नटफील्ड गावाजवळ, बेडफर्डशायरमध्ये वोबर्न सँड्सच्या आसपास, बाथ शहराच्या दक्षिणेला तिच्या खाणी होत्या. ही माती देशाबाहेर गेली तर परदेशी कापडवाल्यांचं फावेल म्हणून १७ व्या शतकात ती बाहेर न्यायला बंदी होती. मुलतानी मातीला बंदी! पण लोकर हाच त्या देशाचा पैसा होता, त्यामुळे हे त्यांना अजिबात विचित्र वाटलं नसणार.

मग फुलर आणि टकर कुठून आले?

काम तेच, शब्द वेगळे. फुलर हा शब्द लॅटिन फुल्लो म्हणजे कापड धुणारा-तुडवणारा, त्यावरून जुन्या इंग्रजीत फुलेरे, आणि नंतर फ्रान्सकडून नॉर्मन लोक राज्य करायला आले त्यांच्या फ्रेंचमध्येही तसाच शब्द होता त्यामुळे तो आणखी पक्का झाला. 'फुल' म्हणजे भरलेला, त्याच्याशी काही संबंध नाही, तसं लिहिलेलं कुठे दिसलं तर सोडून द्या.

टकर मला जास्त भिडतो. जुन्या इंग्रजीत तूकियन म्हणजे छळणं, हालहाल करणं. त्याचं मध्ययुगात टूकन झालं आणि कापड बडवणं-ओढणं अशा अर्थाने वापरात आलं. म्हणजे टकर हा कापडाचे हाल करणारा. ज्याने कोणी पहिल्यांदा या कामाला हा शब्द लावला त्याने ते काम जवळून बघितलेलं होतं.

युरोपात दुसरीकडेही हीच माणसं सापडतात. जर्मनीत वाल्कर, फ्रान्समध्ये फुलॉन, फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमकडचा भाग) आणि हॉलंडकडे डी वोल्डर. आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक भाषेत मॅक अन ऊकादर, म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे इंग्रजीत सरळ वॉकर लावलं.

एवढ्याशा देशात एका कामाला तीन शब्द कशाला?

प्रत्येक मुलखाची बोली वेगळी होती म्हणून. कोकणातला शब्द देशावर चालत नाही तसंच. ढोबळ नकाशा असा डोळ्यासमोर आणा: उत्तर इंग्लंड, मिडलँड्सचा बराचसा भाग आणि स्कॉटलंड इथे वॉकर, दक्षिण-पूर्वेला ससेक्स-केंट आणि वर ईस्ट अँग्लियात फुलर, आणि नैऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल इकडे टकर.

मजा अशी की आडनावं पक्की झाल्यावर पाचशे-सहाशे वर्षांनी, १८८१ च्या जनगणनेतले आकडे नकाशावर मांडले तरी हेच चित्र दिसतं. रेल्वे आली, कारखाने आले, लाखो माणसं शहरात गेली, तरी डेव्हनमध्ये टकर आणि यॉर्कशायरमध्ये वॉकर. मी पहिल्यांदा तो नकाशा बघितला तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले होते, कारण त्या रंगांच्या ठिपक्यांत मेलेल्या बोलींच्या सीमा जिवंत दिसत होत्या.

गावांच्या नावातही तेच. लँकेशायरमध्ये वॉक मिल, स्कॉटलंडमध्ये वॉल्कमिल, कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल. वेल्श भाषेत अशा गिरणीला पांडी म्हणतात, १९१० च्या खाणकामगारांच्या दंगलीमुळे गाजलेलं टोनीपांडी त्यातलंच. बाथजवळ टकिंग मिल नावाची जागा आहे तिथे विल्यम स्मिथ राहायचा, ज्याला इंग्लिश भूगर्भशास्त्राचा जनक म्हणतात, आणि त्याने खडकांच्या थरांची जी यादी केली त्यात एका थराचं नावच फुलर्स अर्थ आहे. कापड तुडवणाऱ्यांची माती अशी विज्ञानात जाऊन बसली.

ही आडनावं नक्की कधी लागली?

सुरुवातीला ते आडनाव नव्हतंच, ती ओळख होती. गावात पाच विल्यम असले तर कारकून लिहायचा विल्यम ल वॉकर, म्हणजे तुडवणारा विल्यम. हा 'ल' फ्रेंच, कारण नॉर्मन राज्यात कागदपत्रं फ्रेंच आणि लॅटिनमध्ये. त्याचा मुलगा सुतार झाला तर तो ल वॉकर नसायचा. पुढे हळूहळू हे नाव माणसाला न चिकटता घराण्याला चिकटायला लागलं, साधारण १२५० ते १४०० च्या दरम्यान, दक्षिणेत आधी आणि उत्तरेत उशिरा.

१३७९ साली राजाने डोईपट्टी बसवली आणि ती माणसाच्या दर्जाप्रमाणे-धंद्याप्रमाणे कमीजास्त होती, त्यामुळे यॉर्कशायरच्या याद्यांमध्ये नावापुढे कामही लिहिलेलं सापडतं, आणि त्यात बघायला मिळतं की कुठे आडनाव आणि धंदा जुळतोय आणि कुठे आता फाटा फुटलाय. त्यानंतर १५३८ पासून प्रत्येक चर्चने बारसं, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवायची असा हुकूम निघाला आणि मग नावं कागदावर स्थिर झाली.

तुडवणं बंद कधी झालं?

आडनावं पक्की होण्याच्या आधीच पायांची जागा पाणचक्कीने घ्यायला सुरुवात केली होती, हे मला या सगळ्यात सगळ्यात नवलाचं वाटतं. ११८५ साली टेंपलर नावाच्या धर्मयोद्ध्यांनी आपल्या इंग्लंडातल्या मालमत्तेची मोजदाद केली, त्यात कापड बडवायच्या दोन गिरण्यांची नोंद आहे, एक यॉर्कशायरमध्ये न्यूसम इथे आणि एक ग्लॉस्टरशायरमध्ये. म्हणजे विल्यम ल वॉकर कागदावर येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी पायाने चालायचं काम संपत आलं होतं, नाव मात्र चालण्याचंच राहिलं.

गिरणीचं तंत्र सोपं होतं. पाण्याच्या चाकाचा दांडा फिरतो, दांड्याला खुंट्या असतात, खुंटी लाकडी हातोड्याचं शेपूट दाबून त्याला वर उचलते आणि सोडून देते, की तो आपल्या वजनाने खाली हौदातल्या कापडावर आपटतो. मग दुसरा. मग परत पहिला. लँकेशायरमध्ये हेल्मशोर नावाच्या गावी १७८९ ची अशी गिरणी जपून ठेवलीये, तिथले हातोडे माझ्या कमरेपेक्षा उंच, ओकच्या लाकडाचे, आणि खालचा हौद आतून गोलसर केलेला, कारण प्रत्येक घावाला कापडाचा गठ्ठा आपोआप थोडा फिरला पाहिजे, नाहीतर एकाच जागी मार बसून भोक पडेल. त्या वळणावर मी हात फिरवून बघितला, लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालंय.

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. गिरणी असायची जमीनदाराची नाहीतर मठाची, आणि ते म्हणायचे की कापड आमच्याच गिरणीत आणा आणि पैसे भरा. सेंट ऑल्बन्सच्या गावकऱ्यांचं १३ व्या शतकात मठाधिपतीशी यावरून मोठं भांडण झालं, त्यांना घरीच तुडवायचं होतं. लंडनच्या फुलर लोकांनी १२९८ मध्ये तक्रार केली की कापड शहराबाहेरच्या गिरण्यांकडे जातंय. आणि फ्लँडर्समध्ये भारी कापडाला गिरणी नकोच म्हणायचे, तिथे एक कारागीर आणि त्याचे दोन गडी मिळून एक चांगलं कापड तीन ते पाच दिवस पायाने तुडवायचे. तीन ते पाच दिवस, थंडीत, मुताच्या पाण्यात. आडनाव वाचताना हे डोळ्यासमोर आणून बघा.

एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ मध्ये असं मांडलं की या गिरण्या म्हणजे १३ व्या शतकातली औद्योगिक क्रांतीच, कारण वेगवान ओढे डोंगरात, म्हणून कापडाचा धंदा शहरं सोडून डोंगराकडे गेला. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले, मजुरी, कर, मेंढ्या अशी इतर कारणंही होती म्हणाले. मला दोन्ही बाजू पटतात, पण उत्तर इंग्लंडातल्या पेनाइन डोंगरातल्या कुठल्याही ओढ्याच्या कडेने चाललं की जुन्या गिरण्यांच्या भिंती दिसतातच.

१८३३ मध्ये ट्रोब्रिजच्या जॉन डायरने रूळांचं नवं मशिन आणलं आणि हातोडेही मागे पडत गेले. डायर म्हणजे रंगारी, आणि त्याने फुलरचं काम बदललं.

तुडवून झाल्यावर कापडाचं काय करायचे? आणि त्या कामांचीही आडनावं आहेत का?

आहेत, आणि भरपूर आहेत. आटलेलं ओलं कापड वेडंवाकडं सुकू नये म्हणून उघड्या मैदानात लांबच लांब लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवायचे. या चौकटीला टेंटर आणि आकड्यांना टेंटरहुक्स. जीव टांगणीला लागला की इंग्रज अजूनही 'ऑन टेंटरहुक्स' म्हणतो ते इथून आलंय. डोंगरउतारावर पांढऱ्या कापडांच्या रांगाच्या रांगा, आणि चोरी व्हायची म्हणून त्यावर कडक पहारा.

मग टीझल नावाच्या झाडाच्या सुक्या काटेरी बोंडांनी कापड खरवडून त्याची लव उभी करायची. मी ते बोंड हातात घेतलंय, प्रत्येक काट्याच्या टोकाला इवलासा बाक असतो, माशाच्या गळासारखा, पण तो लवचीक असल्यामुळे कापड फाटायच्या आधी तोच वाकतो. मग भल्यामोठ्या कात्रीने ती लव एकसारखी कापायची, हे करणारा शेअरमन, त्याचं झालं शर्मन. अमेरिकन यादवी युद्धातला जनरल शर्मन आणि त्याच्या नावाचा दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा, दोन्हीच्या मुळाशी कापड कातरणारा माणूस आहे.

विणणारे वेब, वेबस्टर, वीव्हर. रंगारी दक्षिणेत डायर आणि उत्तरेत लिस्टर, ज्याने ऑपरेशनमध्ये जंतुनाशक वापरायला शिकवलं तो जोसेफ लिस्टर याच आडनावाचा. लोकर पिंजणारे डेव्हनकडचे टोझर. एका कोटाच्या कापडामागे किती आडनावं उभी राहतात बघा.

मग आजचे सगळे वॉकर एकाच घराण्यातले असतील का?

अजिबात नाही. प्रत्येक कापडाच्या गावात एक तुडवणारा, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी वेगवेगळं जन्मलं. वॉकर हे इंग्लंडच्या पहिल्या पंचवीस आडनावांत बसतं. फुलर आणि टकर त्या मानाने बरेच कमी.

आणि वॉकर असला म्हणून त्याचे पूर्वज इंग्लंडात कापड तुडवत होते असंही नाही. अमेरिकेत कितीतरी काळ्या कुटुंबांचं आडनाव वॉकर आहे, त्यांच्या पूर्वजांना गुलाम करून नेलं होतं आणि गुलामीत किंवा सुटकेनंतर हे आडनाव लागलं. त्या घराण्यांचा इतिहास वेगळा आणि फार दुःखाचा आहे, यॉर्कशायरच्या ओढ्यावर जाऊन तो सापडणार नाही. जर्मनीतून अमेरिकेला गेलेल्या काही वाल्करांचंही तिथे वॉकर झालं.

धंदा आणि आडनाव कसे वेगळे होतात याचं माझं आवडतं उदाहरण यॉर्कशायरमधल्या मार्सडेन गावचं. १८१२ च्या सुमाराला कापड कातरणारे कामगार नवीन यंत्रं हातोड्याने फोडत होते, तेच ते लडाइट. ती यंत्रं ज्या कारखान्यात बनायची त्याच कारखान्यात ते हातोडेही बनायचे, आणि त्याचा मालक होता इनॉख टेलर. कामाने लोहार, आडनावाने शिंपी.

जॉनी वॉकर व्हिस्कीचा यात काय संबंध?

स्कॉटलंडमधल्या किल्मार्नोकमध्ये जॉन वॉकर नावाच्या माणसाने १८२० मध्ये वाणसामानाचं दुकान काढलं, पुढे त्याच नावाने व्हिस्की झाली. बाटलीवरचा टोपी-काठीवाला चालणारा माणूस १९०८ साली चित्रकार टॉम ब्राउनने काढला. तोपर्यंत आडनावाचा मूळ अर्थ लोकांच्या डोक्यातून गेला होता, त्यामुळे चित्रात आला तो रस्त्याने तरातरा चालणारा साहेब. खऱ्या वॉकरच्या पायात बूट नसायचे.

आणि मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझींना गुरुदत्तने त्या व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे नाव दिलं. लोकरीच्या हौदातला शब्द कुठून निघून कुठे पोचला!

आपल्याकडच्या सुतार, लोहार, परीट यांच्यासारखंच आहे का हे?

वरवर तसंच, पण एक मोठा फरक आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे हे नाव जातीचं झालं, लग्न कुठे करायचं, पाणी कुठे भरायचं, सगळं त्याने ठरलं. तिकडे वॉकरच्या मुलाला कापडच तुडवावं लागेल किंवा वॉकरच्याच मुलीशी लग्न करावं लागेल असं नव्हतं. गिल्ड म्हणजे एकेका धंद्याच्या कारागिरांच्या संघटना होत्या, त्यांचे नियम कडक होते, लंडनच्या फुलर लोकांना १४८० मध्ये स्वतःची सनद मिळाली आणि १५२८ मध्ये ते शेअरमन मंडळींबरोबर एक होऊन क्लॉथवर्कर्स कंपनी झाली, जी आजही आहे. पण आडनाव आणि गिल्ड या दोन वेगळ्या गोष्टी. इंग्लंडात गरीब-श्रीमंत भेद काही कमी नव्हता, तरी आडनाव ऐकून कोणी फुलरला पंगतीतून उठवलं नाही.

मराठी बायबलमध्ये फुलर आहे असं ऐकलं, खरं का?

खरं आहे, पण आपल्या शब्दात. मार्कच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं इतकी पांढरीशुभ्र झाली असं वर्णन आहे की पृथ्वीवरचा कोणी फुलर ती तशी करू शकणार नाही. मराठीत तिथे परीट आहे. दुसरा शब्द वापरणार तरी कुठला, आपल्याकडे तुडवून कापड आटवणारा असा वेगळा कारागीर नव्हता. पण खुद्द इंग्रजीतही हाच पेच पडला होता. १४ व्या शतकात जॉन विक्लिफ या धर्मपंडिताच्या लोकांनी बायबलचं जे पहिलं इंग्रजी भाषांतर केलं त्यात त्या ओळीत 'फुलर, किंवा कापडाचा वॉकर' असे दोन्ही शब्द लिहिलेत, म्हणजे दक्षिणेतल्यालाही कळावं आणि उत्तरेतल्यालाही. ती एक ओळ म्हणजे आपल्या नकाशाचा पुरावाच.

या आडनावांची माणसं आपल्याकडे आली होती का?

तिन्ही आली, आणि तिघांनीही खुणा ठेवल्या. मुंबई हायकोर्टाची फोर्टमधली काळ्या दगडाची इमारत कर्नल जेम्स फुलर या इंजिनियरने बांधली, काम १८७१ ला सुरू झालं आणि १८७८ ला पुरं झालं.

वॉकर म्हणजे अलेक्झांडर वॉकर, फाइफमधला स्कॉटिश माणूस, १८०२ पासून बडोद्याला गायकवाडांच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी. पेशवे आणि गायकवाड काठेवाडात दरवर्षी फौज नेऊन मुलूखगिरी करून खंडणी घ्यायचे, ती रक्कम १८०७ मध्ये कायमची ठरवून दिली ते वॉकर सेटलमेंट, मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना ते नाव भेटलेलं असतं.

आणि फ्रेडरिक टकर. जन्म मुंगेरचा, आयसीएसची नोकरी सोडली आणि १९ सप्टेंबर १८८२ ला तीन सोबत्यांना घेऊन साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेच्या कामासाठी मुंबईत उतरला. मिरवणुका काढल्या म्हणून पोलिसांनी पकडलं. फकीर सिंग असं नाव घेतलं, भगवे कपडे घातले आणि अनवाणी फिरायला लागला. पुढे साल्व्हेशन आर्मीच्या संस्थापकाची मुलगी एमा बूथ हिच्याशी लग्न झाल्यावर तो बूथ-टकर झाला. अनवाणी टकर मुंबईच्या रस्त्यावर, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ शांत बसले होते.

हे काम फक्त पुरुषच करायचे का?

शहरात गिल्ड पुरुषांच्या, म्हणून कागदावर पुरुष दिसतात. पण स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांवर हे बायकांचंच काम होतं, आणि तिथे गिरणी न येता ते पार २० व्या शतकात येईपर्यंत हातानेच चाललं. लांब फळीभोवती दहाबारा बायका समोरासमोर बसायच्या, मुतात भिजवलेलं ट्वीड मध्ये, आणि ते फळीवर आपटत आपटत डावीकडे सरकवत राहायचं. ताल सुटू नये म्हणून गाणी. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी धरायची, आपल्या जात्यावरच्या ओव्या जशा हाताच्या फेऱ्यावर बसतात तशी ती त्या आपटण्यावर बसवलेली. त्यांचं रेकॉर्डिंग झालंय, जरूर ऐका, गेलिक कळत नसली तरी कापडाचा धप्प असा ओला आवाज प्रत्येक ओळीला ऐकू येतो.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं तर कुठे जायचं?

एक्सेटर शहरात फोर स्ट्रीटवर टकर्स हॉल आहे, १४७१ मध्ये विणकर, फुलर आणि शेअरमन यांच्या मंडळाने प्रार्थनाघर म्हणून बांधलेला. मंडळ अजून चालू आहे आणि हॉल लोकांना बघायला उघडा असतो. आत कातरायच्या जुन्या कात्र्या आहेत, माणसाच्या हाताएवढ्या लांब. लँकेशायरकडे आलात तर हेल्मशोर, पण जायच्या आधी गिरणीचं चाक त्या दिवशी फिरवणार आहेत का ते विचारून घ्या. चाक फिरायला लागलं की ते हातोडे एकाआड एक पडतात, धप्प, धप्प, पावलं टाकल्यासारखे.